दिवेलागणीला बोलणारा कॉम्प्युटर

संध्याकाळचे सात वाजत आले की मावला गावात उद्धवरावांच्या ओट्यावर पाय ठेवायला जागा उरत नसे. तामसीहून बसनं आलेले लोक चपला हातात धरून दाराशी उभे. सगळ्यांच्या नजरा टेबलावर. तिथं हार घातलेला, कुंकवानं माखलेला कॉम्प्युटर. सात वाजले की पडदा लालभडक होई आणि आतून घोगरा, तुटक आवाज येई:

"देवा... श्री. आ जा. आ जा."

बायका कानांवर हात ठेवत. पुरुष "शिव शिव" म्हणत मागे सरत आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर! भीतीचीही चटक लागते हो माणसाला.

स्वयंपाकघराच्या दाराआड उद्धवरावांची बायको चारुशीला मात्र देवश्रीला घट्ट धरून उभी असे. देवश्री तिची एकुलती एक पोर, एकोणीस वर्षांची. त्या आवाजाला तीच हवी होती.

कॉम्प्युटर जुनाच. उद्धवरावांनी कचेरीच्या लिलावात घेतलेला, पोरीच्या परीक्षेच्या अभ्यासासाठी. खंडेनवमीला लोक हत्यारं पुजतात, तसा त्यांनी तोही पुजला. त्याच दिवशी यंत्रनाथ महाराज जीप घेऊन दारोदार फिरत होते. ट्रॅक्टरला अंगारा, शिलाई मशीनला अंगारा. इथं त्यांनी लाल दोरा गुंडाळलेला एक पेनड्राइव्ह कॉम्प्युटरमध्ये खोचला.

"हा काढायचा नाही. आंघोळीशिवाय शिवायचा नाही. यात चौसष्ट जीबी आहेत. जीबीला एक, अशा चौसष्ट योगिनी बसवल्यात मी!"

तिसऱ्या दिवसापासून आवाज सुरू झाला. दुरुस्तीवाला दोनदा येऊन सगळं पुसून गेला. पण पेनड्राइव्हला त्यानं हात लावला नाही. प्रसाद कसा उपटायचा? दुसऱ्या दिवशी सात वाजता पडदा पुन्हा लाल.

मग महाराजांनी निदान केलं. "राक्षस आहे. पोरीवर नजर आहे त्याची. शुक्रवारी दुपारी जीप पाठवतो. अकरा दिवस मठात सेवेला ठेवा, नाहीतर बारावा दिवस ती बघणार नाही."

"आई, मी नाई जात," देवश्री रडकुंडीला आली. "सोमवारी माही परीक्षा हाय."

"अन् तुले काई झालं तं?" उद्धवराव ओरडले, पण आवाज त्यांचाच कापत होता.

 चारुशीलेनं पोरीची बॅग भरली. दोन ड्रेस, टॉवेल, तेलाची बाटली. भरताना तिला एकसारखं वाटत होतं, आपण हे काय करून राह्यलो? पण बारावा दिवस डोळ्यांपुढं आला की घडी घातलेला ड्रेस ती मुकाट्यानं आत ठेवी.

शुक्रवारी जीपमधून स्वतः महाराजच उतरले. मागोमाग गर्दी. आणि त्याच वेळी उटनूरच्या बसमधून रुपा मॅडम आल्या. शाळेत असताना देवश्रीला कॉम्प्युटर शिकवलेल्या. पोरीनं गुपचूप फोन केला होता.

"तामसीतही असंच झालं म्हणे?" मॅडमनी विचारलं.

"हो जी," गर्दीतली तामसीची भागीरथा म्हणाली. "आमच्याही जुन्या कॉम्प्युटरात महाराजांनी प्रसाद खोचला. तो माह्या भाग्यलक्ष्मीचं नाव घे. तिले मठात ठेवलं. अकराचे पंधरा दिस झाले, महाराज म्हणते अजून उतरलं नाई."

"तुमच्याकडे कॉम्प्युटरवर नाव कोणाचं टाकलं होतं?"

"तिचंच. तीच वापरे नं."

मॅडम टेबलापाशी बसल्या. महाराज गरजले, "खबरदार! सातच्या आत छेडलं तर घर जळेल!"

"छेडत नाही महाराज, तुमच्या राक्षसाला लवकर उठवते."

त्यांनी कॉम्प्युटरवर नवं खातं उघडलं आणि तिथं नाव टाकलं, 'यंत्रनाथ'. मग कॉम्प्युटरचं घड्याळ पुढं केलं. सहा एकोणसाठ. बाहेर टळटळीत दुपार. चारुशीलेनं देवश्रीचा दंड घट्ट धरला.

पडदा लाल झाला.

"यंत्रा... नाथ. आ जा. आ जा."

 मग मागून कुणीतरी फिसकन हसलं आणि सगळा ओटा हसत सुटला. "जा नं महाराज, बोलावून राह्यला तो तुमाले!"

"राक्षसाला घड्याळ कळतं, दिवस-रात्र कळत नाही," मॅडम म्हणाल्या. "या पेनड्राइव्हमध्ये व्हायरस आहे. जे नाव कॉम्प्युटरवर लिहिलेलं, तेच तो मशीनच्या आवाजात वाचतो. इथं देवश्रीचं होतं. या जुन्या कॉम्प्युटरांना एक खोड असते. ऑटोरन म्हणतात तिला. पेनड्राइव्ह आत गेला की त्यातलं जे असेल ते न विचारता चालू. नव्यांत ती बंद करून टाकलीय. दुरुस्तीवाला पुसून गेला, पण मूळ इथंच खोचलेलं राहिलं. चारुशीलाताई, काढा तो."

"हात जळेल!" महाराज किंचाळले.

 चारुशीलेची आंघोळही झाली नव्हती. तिनं डोळे मिटले आणि पेनड्राइव्ह ओढला. हात जळला नाही. बोटाला कुंकू तेवढं लागलं.

मॅडमनी व्हायरस काढला, ऑटोरन बंद केलं, पेनड्राइव्ह पुन्हा लावला, घड्याळ पुन्हा सातवर नेलं. काही नाही. पंखा फिरल्याचा तेवढा आवाज. "आणि महाराज, हा आठच जीबीचा आहे. छप्पन्न योगिनी कुठं सांडल्या?"

या वेळी मात्र हसू अर्ध्यावरच थांबलं. कारण भागीरथा पुढं आली होती.

"मंग माह्या पोरीले मठात कायले ठेवलं?"

महाराज जीपकडे सरकत होते. उद्धवरावांनी त्यांची कफनी मुठीत धरली, ती पोलीस येईपर्यंत सोडली नाही.

पोलिसांबरोबर भागीरथा, चारुशीला सगळेच मठात गेले. तिथं भाग्यलक्ष्मी सापडली. आणखी दोघी होत्या. फोन काढून घेतलेले, दाराला बाहेरून कडी, पहाटेपासून भाकऱ्या थापून हात पोळलेले. भागीरथा धावत गेली, पण पोरगी दोन पावलं मागं सरली.

"आई, तूच तं आणून सोडलं होतं मले."

चारुशीलेनं हे ऐकलं. आज दुपारी मॅडमची बस चुकली असती, तर हेच वाक्य तिला ऐकावं लागलं असतं. बॅग तिनंच भरली होती. घरी आल्यावर तिनं देवश्रीसमोर ती बॅग रिकामी केली. "चुकलं माह्यं," एवढंच म्हणाली आणि ओक्साबोक्शी रडली.

तेव्हा मंडळी, घरी जुना कॉम्प्युटर असेल तर ऑटोरन आजच बंद करा. जाणत्याला विचारा, दोन मिनिटांचं काम आहे. कुणी "हात लावू नका" म्हणालं तर तिथं काय आहे ते आधी बघा. भीती सगळ्यांनाच वाटते, त्यात लाज नाही. पण भीती घालून कुणी पोर मागितली, तर महाराजांना विचारण्याआधी पोरीला विचारा. देवश्री पहिल्या दिवसापासून नाही म्हणत होती.