चौथीचा निकाल

शबाना मॅडमनी शाळेच्या जुन्या रजिस्टरचं पान जपून उलटलं. हात लावला तिथे कडा झडत होत्या.

"सापडलं," त्या म्हणाल्या. "मीना रूपचंद पाटील. दाखल एकोणीसशे एकोणसाठ."

समोर बसलेल्या मीनाबाईंना हायसं वाटलं. बहात्तराव्या वर्षी सासरहून दोन एसट्या बदलून त्या ब्राह्मणपुरीला, माहेरी, आल्या होत्या त्या या एका नोंदीसाठी. धाकट्या भावाच्या, हेमकांतच्या, नातीला फार्मसीला प्रवेश घ्यायचा होता. जात पडताळणीला घराण्यातली साठ वर्षांपूर्वीची शाळेची नोंद हवी होती. हेमकांत अकरावीपर्यंत शिकला, साखर कारखान्यात कारकून झाला, निवृत्तही झाला. पण त्याच्या वर्षाचं रजिस्टर वाळवीनं खाल्लं होतं. चार वर्षंच शाळा पाहिलेल्या बहिणीचं मात्र शाबूत होतं.

मॅडम दाखल्यावर उतरवून घेताना एकेक रकाना मोठ्यानं वाचू लागल्या. "जात, हिंदू गुजर. इयत्ता चौथी उत्तीर्ण. प्रगती, उत्तम. शाळा सोडण्याचं कारण, वडिलांच्या इच्छेवरून."

"उत्तीर्ण म्हणजे?" मीनाबाईंनी विचारलं.

"पास, आजी."

"नही मॅडम. मी चौथीमा नापास व्हयनी व्हती."

मॅडमनी रजिस्टर त्यांच्याकडे फिरवलं. मीनाबाईंनी चष्मा लावला आणि अक्षरांखाली बोट सरकवत, ओठ हलवत, ती ओळ वाचली. मग पुन्हा वाचली. शेजारच्या खुर्चीवर हेमकांत खाली मान घालून बसला होता.

चौथीनंतरच्या उन्हाळ्यात पाचवीला शहाद्याला पाठवा म्हणून त्या दोन दिवस रडल्या होत्या. तिसऱ्या दिवशी वडील, म्हणजे दादा, शाळेत जाऊन आले आणि म्हणाले, "तू नापास व्हयनी." रडणं तिथंच थांबलं. नापास झालेल्या मुलीनं कुठल्या तोंडानं हट्ट करायचा? पुढे सासरी कुणाचं पत्र आलं, कुठला फॉर्म आला, की त्या म्हणायच्या, दुसऱ्या कोणाला द्या, मन्हं डोकं चालत नही.

दाखला घेऊन दोघं बाहेर आली. फाटकाशी मीनाबाई थांबल्या.

"हेमकांत, तुले माहीत व्हतं?"

त्यानं खिशातून मोटारसायकलची किल्ली काढली. "दादा आजारी व्हतात ना, तवय त्यासनी माले सांगं. गुरुजी दोनदा घर उनात व्हतात, अक्का. पोरगी हुशार शे, शिकाडा म्हणे. माय तर अंथरुणावर. घर कोण देखी? म्हणीसन दादानी तुले तसं सांगं."

"आनि तू माले काबर नही सांगं?"

"तवय तुन्हं लगीन व्हयेल व्हतं. लेक मोहिनी व्हती. म्हटलं, आते सांगीसन काय व्हई."

हेमकांतनं मीनाबाईंना मोटारसायकलवरून शहाद्याच्या स्टँडवर सोडलं, पाण्याची बाटली आणून दिली. जाताना तो वाकून पाया पडला. एरवी फक्त दिवाळीला पडायचा.

गाडीला वेळ होता. बाकावर बसून त्यांनी सुरतेला लेकीला फोन लावला.

"मोहिनी, मी चौथी पास व्हती वं," त्या म्हणाल्या, आणि रजिस्टर, गुरुजी, दादा, सगळं सांगत सुटल्या. मोहिनी मधून मधून हुंकार देत होती.

"बरं व्हयनं माय, तुले समजनं," मोहिनी म्हणाली. मग अगदी सावकाश म्हणाली, "पन मी बी पासच व्हती ना. दहावी."

मोहिनी दहावी झाली त्या वर्षीही तिच्या बाई घरी आल्या होत्या. कॉलेजला घाला म्हणाल्या होत्या. मीनाबाईंनी त्यांना चहा दिला होता आणि म्हटलं होतं, आमना घरमा बायासले डोकं नही, बाई; दहावीलगून गई तेच बरंच. पुढच्या उन्हाळ्यात लग्न झालं. नवरा मुलगा त्यांनीच पसंत केला होता.

"हां," मीनाबाई फोनमध्ये म्हणाल्या. "व्हती."

फोन कुणी ठेवला नाही. पलीकडे मोहिनीच्या घरात कुकरची शिट्टी झाली.

सासरच्या गावाची, प्रकाशाची, गाडी फलाटाला लागली. लोक चढले, दार लागलं. मीनाबाई फोन कानाशी धरून बाकावर तशाच बसून राहिल्या.