गोष्टीला वास येतो

जन्मभर मी तोंडाने खोटं बोललो, त्याने कुणाच्या केसालाही धक्का लागला नाही. लेखी खोटं मात्र एकच लिहिलं, तेही चार शब्दांचं, आणि त्याने माझ्या नातीचा जीव टांगणीला लागला.

आमच्या घरात पुढे कारखाना आणि मागे संसार. सोफा, खुर्ची, गाडीची सीट, ज्यावर माणूस बूड टेकतो ते सगळं आम्ही मढवून देतो. मुलगा फोम कापतो, चिकटवतो. सूनबाई मागच्या पडवीत मशीनवर रेक्झिन शिवते. मी पुढच्या खोलीत खिडकीपाशी उंच स्टुलावर बसून बटणं मढवतो आणि थापा मारतो. एकदा मी एका खुर्चीत इतकी मऊ गादी भरली होती की तिच्यात बसलेला हेडमास्तर रिटायर होऊनच उठला. असं काहीतरी सांगितलं की गिऱ्हाईक हसत बसतं, तोवर सूनबाईची शिवण पुरी होते. धंद्याला खिळे लागतात तशा थापाही लागतात.

नात सात वर्षांची. आम्ही तिला टाचणी म्हणतो, कारण बारीक आहे आणि टोचते. फोम कापायच्या लांब टेबलाखाली उरलेले तुकडे अंथरून, पुढे रेक्झिनचा पडदा सोडून मी तिला एक घर करून दिलं होतं. ती आत शिरायची, तिची छोटी उशी पोटाशी घ्यायची आणि हुकूम सोडायची, "आबा, चालू करा." मी वरून गोष्ट सोडायचो, ती खालून झेलायची.

पुढे तिचे मार्क घसरले आणि सूनबाईने फर्मान काढलं, "अभ्यास झाल्याशिवाय गोष्ट नाही. टेबलाखालचं घर बंद. आणि आबा, हे तुम्हांलाही सांगतेय."

"मी काय लहान आहे?" मी म्हणालो.

"लहान असता तर कान धरला असता."

पण आमचे चोरीचे दिवस ठरलेलेच होते, सोमवार आणि गुरुवार. त्या दोन दिवशी मुलगा सकाळपासून फोमला सोल्युशन लावून थर चिकटवतो. ओल्या सोल्युशनवर रस्त्याची धूळ बसू नये म्हणून खिडकी लोटून घेतो, पंखा बंद करतो, आणि दुपारी तयार माल पोचवायला निघून जातो. मी आत राखणीला. सूनबाई तिकडे मशीनच्या खडखडाटात. टाचणी मागच्या खोलीत वही उघडी टाकायची आणि पाय न वाजवता टेबलाखाली यायची. आमचं साटंलोटं होतं, आणि मला त्याचा अभिमान होता. देवाशपथ.

तेव्हाच कधीतरी तिचं डोकं दुखायला लागलं.

संध्याकाळी कपाळ धरून बसायची. चेहरा चुना फासल्यासारखा. मग मळमळ, मग उलटी, मग झोप. सकाळी उठली की टुणटुणीत. मुलगा म्हणाला, "मंगळवार-शुक्रवार गणिताची तोंडी परीक्षा असते, आणि आदल्या दिवशीच हिचं डोकं बरं दुखतं! आबांवर गेलीय. नाटकी."

मी हसलो. आपल्यावर कुणी गेलंय म्हटलं की माणूस फुगतोच.

त्याच दिवसांत एकदा ती पडद्याआडून म्हणाली, "आबा, तुमच्या गोष्टीला वास येतो."

मी स्टुलावरून पडायचा बाकी राहिलो. सात वर्षांची पोर, आणि काय शेरा मारला! जेवताना मी तो सगळ्यांना ऐकवला. सूनबाई म्हणाली, "घरात एक तरी खरं बोलणारं निघालं." गिऱ्हाइकांना सांगितलं. समोरच्या केशकर्तनकाराला सांगितलं. महिनाभर मी त्या वाक्यावर हशा वसूल केला.

मग शाळेला सुट्टी लागली. गणित नाही, परीक्षा नाही, तरी गुरुवारी टाचणी मोरीत ओणवी झाली आणि उठेचना. मुलाने तिला उचलली तेव्हा तिची मान त्याच्या दंडावर लोंबत होती. त्यानंतर 'नाटक' हा शब्द आमच्या घरात कुणी काढला नाही.

आधी चष्मा झाला. जंताचं औषध झालं. गोड बंद झालं, मग आंबट बंद झालं. शेवटी बालरोगाच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, "तीन आठवडे एक वही ठेवा. कधी दुखलं, तेव्हा ती कुठं होती, काय करत होती, काय खाल्लं होतं."

दोघं कामात, म्हणून वही माझ्याकडे आली. देताना सूनबाईने ती क्षणभर सोडली नाही. "आबा, एवढं एक काम. तिखटमीठ लावू नका."

"अगदी अळणी लिहीन," मी म्हणालो.

आणि लिहिलंही. दूध किती प्यायली, पोळी अर्धी टाकली, उलटी किती वाजता झाली, सगळं घड्याळ बघून. फक्त 'कुठं होती' या रकान्याशी माझा हात अडायचा. सूनबाई रोज वही वाचायची. खरं लिहावं तर चोरी पकडली जाणार, पोरीला ओरडा बसणार आणि मला त्याहून मोठा. आणि कुठं बसली होती याने काय फरक पडतो, असं मी स्वतःला पटवलं. मला थाप पटवण्याचा सराव आहे, मीही गिऱ्हाईकच. मी लिहिलं, 'मागच्या खोलीत, अभ्यासाच्या टेबलाशी.' सहा वेळा लिहिलं.

डॉक्टरीणबाईंनी वही शेवटपर्यंत वाचली. "सोमवार, गुरुवार, सोमवार, गुरुवार. या दिवशी घरात वेगळं काय असतं?"

"आमचं चिकटवायचं काम," मुलगा म्हणाला. "पण ते पुढच्या खोलीत, दार बंद करून. ही मागे असते."

बाईंनी वहीकडे पाहिलं, मान हलवली आणि त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलेलं खोडलं. ती रेघ अजून माझ्या डोळ्यांपुढे आहे.

"बाळ, डोकं दुखायच्या आधी काय होतं?"

टाचणी उशी घट्ट धरून म्हणाली, "गोष्टीला वास येतो."

आम्ही तिघंही हसलो. सवयच झाली होती. बाई हसल्या नाहीत.

"कसला वास?"

"आधी गोड. मग नाकात टोचतो. मग डोकं."

"तेव्हा तू कुठं असतेस?"

टाचणीने माझ्याकडे पाहिलं. पोरीने मला कधी दगा दिला नव्हता, तेव्हाही दिला नाही. "मागच्या खोलीत, अभ्यासाच्या टेबलाशी," ती म्हणाली. शब्दन् शब्द माझा.

"त्या खोलीत कसला वास असतो?"

"कसलाच नाही," सूनबाई म्हणाली. "कपाट, पलंग आणि हिचं टेबल, बस."

बाईंनी पेन खाली ठेवलं. आवाज हळू केला. डॉक्टर आवाज हळू करतात तेव्हा ऐकणाऱ्याचे कान मोठे होतात. "जिथं वास नाही तिथं वास येणं, मग डोकं दुखणं, मग उलटी. हे मला दुर्लक्ष करण्यासारखं वाटत नाही. मेंदूचा फोटो काढावा लागेल. भूल देऊन. उद्याच."

सूनबाईने टाचणीच्या डोक्यावर हात ठेवला.

"बाई," मी म्हणालो, "ती वही खोटी आहे."

मी सगळं सांगितलं. टेबलाखालचं घर, पडदा, सोमवार, गुरुवार. अळणी सांगितलं. पण कुणी मानायलाच तयार नाही.

"आबा, पुरे," मुलगा म्हणाला. "इथं तरी गोष्ट नको."

"अरे, खरं सांगतोय!"

"तुम्हांला वाटतं पोरीची भूल टळावी," सूनबाई म्हणाली. "मलाही वाटतं. म्हणून असं काही रचू नका, पाया पडते."

सत्तर वर्षांच्या थापा एका बाजूला आणि एक खरं दुसऱ्या बाजूला. तराजू कुठं झुकणार? मी टाचणीकडे वळलो. "सांग गं. तुला माफ. मीच सांगायला सांगतोय."

ती आईकडे बघून रडायलाच लागली. तेवढ्यात मला तिची उशी दिसली. टेबलाखालची, रोजची. मी ती काढून बाईंच्या हातात दिली. "ही हुंगा."

बाईंनी नाकाशी नेली आणि मान झटकन मागे घेतली. "अहो, केवढा भपका मारतोय हिला!"

मुलाने हुंगली. "कसला?"

सूनबाईने हुंगली, परत हुंगली. "मला तर काहीच येत नाही."

मीही नाक खुपसलं. फोम मऊ होता, एवढंच कळलं.

बाई आमच्या तोंडांकडे आळीपाळीने बघत राहिल्या. "रोज त्याच वासात काम करून तुमची नाकं मेलीत," त्या म्हणाल्या. "त्या सोल्युशनची वाफ जड असते, खाली साचते. बंद खोलीत, जमिनीवर, टेबलाखाली. तुमची डोकी दुखत नाहीत?"

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. सोमवार-गुरुवारी मुलगा दुपारच्या चहासाठी कासावीस व्हायचा. तलफ, असं तो म्हणायचा. माझं डोकं जड व्हायचं, मी ते वयाच्या नावावर खपवलं होतं.

बाईंनी टाचणीच्या डोळ्यांत बॅटरी मारून पाहिलं, तिला सरळ रेषेत चालवलं, बोट नाकाला लावायला सांगितलं. "तीन आठवडे ती त्या खोलीत पाऊल टाकणार नाही. चिकटवायचं काम उघड्यावर. एकदा जरी दुखलं तरी लगेच घेऊन या, मग फोटो. मी आत्ता कसलाही शब्द देत नाही."

घरी आल्यावर मुलाने टेबलाखालचं घर उचकटलं. माझ्याकडे बघितलंही नाही. सूनबाईने आठवडाभर माझ्याशी अबोला धरला. बटणांची डबी लागली तरी टाचणीतर्फे मागायची.

पहिल्या सोमवारी आवारात पत्र्याच्या शेडखाली सोल्युशन लागलं. धूळ बसली, दोन थर वाया गेले, मुलाने ते फेकून नवे लावले. टाचणी समोरच्या केशकर्तनकाराच्या बाकावर बसून गणितं सोडवत होती आणि आम्ही तिघं कामं सोडून तिचं कपाळ राखत होतो. मध्येच तिने हात कपाळाला लावला. सूनबाईच्या हातातली कात्री पडली.

"काय गं?" तिघंही ओरडलो.

"हातचे दोन," टाचणी म्हणाली. "गप्प बसा ना."

मी वहीत लिहिलं, 'सोमवार. बाकावर, सगळ्यांसमोर. दुखलं नाही.' सूनबाईने वाचलं, मग टाचणीला विचारून खात्री केली. माझी हरकत नव्हती. तीन आठवडे असंच चाललं. फोटो काढावा लागला नाही. मेलेलं नाक मात्र परत येईलच असं नाही, असं बाई म्हणाल्या. ते आम्हां तिघांचं.

म्हणून आता घराचं नाक टाचणी आहे. शाळेतून आली की दारातच उभी राहून हुंगते. "वास," म्हणाली की हातातलं काम टाकून सगळ्यांनी आवारात जायचं, दारंखिडक्या सताड उघडायच्या. कुणी वाद घालायचा नाही.

परवा तिने असंच दारात उभं राहून सांगितलं, "वास!" मी पाहिलं, तिची डावी भुवई किंचित वर गेली होती. थाप मारताना माझीही जाते, शंभर वर्षांपासून.

मुलाने हातातला फोम खाली ठेवला आणि मला हळूच विचारलं, "आबा, खरंच येतोय का हो?"

"मला कुठं कळतंय?" मी म्हणालो. "चल बाहेर."

सूनबाई मशीन थांबवून आधीच निघाली होती. आवारात टाचणी उलट्या ठेवलेल्या सोफ्यावर चढून बसली आणि म्हणाली, "आबा, चालू करा."