उत्तरेश्वर रजेवर आहे

गणिताच्या शिक्षिका म्हणून निवृत्त झाल्यावर सुशीलाबाई दामल्यांनी दोन गोष्टी शिकायला घेतल्या : पोहणं आणि ईमेल. पोहणं तीन महिन्यांत सुटलं. ईमेल मात्र अंगी लागलं. नारायण पेठेतल्या आपल्या दोन खोल्यांतून त्या दर रविवारी सकाळी आठ वाजता एक मराठी शब्दकोडं पाठवत. एकाच पत्त्यावर पाठवलं की ते जगभरच्या दोनशे चाळीस सभासदांना आपोआप जाई. ही सगळी व्यवस्था त्यांचा जुना विद्यार्थी इंद्रजीत याने लावून दिली होती आणि मग तो अमेरिकेला गेला होता.

बाईंचे नियम सात होते. तिसरा असा : ‘आभार मानण्यासाठी सर्वांना पत्र लिहू नये. आभार गृहीत धरले आहेत.’

दोन हजार दोन सालच्या मे महिन्यातल्या एका रविवारी कोडं गेलं आणि मिनिटभरात उत्तर आलं.

‘मी रजेवर आहे. माझे लग्न आहे. निकडीचे काम असल्यास खालील क्रमांकावर फोन करावा. उत्तरेश्वर.’

उत्तरेश्वर म्हणजे हिंजवडीतल्या एका कंपनीतला लातूरकडचा मुलगा. कोडी झटपट सोडवायचा, पण कधी फुशारकी मारायचा नाही. बाईंना तो आवडत असे. रजेवर जाताना त्याने मेलबॉक्सला सांगून ठेवलं होतं, की जे पत्र येईल त्याला हे उत्तर धाड. मेलबॉक्सने इमानदारीने ते कोड्याच्या त्या सामायिक पत्त्यावर, म्हणजे सगळ्यांना, धाडलं. सगळ्यांत तो स्वतःही होता. म्हणून ते त्याच्याकडेही आलं आणि मेलबॉक्सने त्यालाही उत्तर दिलं. मग त्या उत्तराला उत्तर.

नऊ वाजेपर्यंत एकसष्ट पत्रं झाली. कुणी ‘कृपया थांबवा’ असं लिहिलं, त्यालाही तेच उत्तर गेलं. डोंबिवलीच्या एका काकांनी लिहिलं, ‘नावच उत्तरेश्वर. तो उत्तर दिल्याशिवाय राहील कसा?’ त्यांनाही कळवण्यात आलं, की उत्तरेश्वर रजेवर आहे.

बाईंना सभासदाला काढून टाकायचं कसं ते ठाऊक नव्हतं. ती किल्ली इंद्रजीतकडे, आणि तिथे आत्ता रात्र. त्यांनी तो फोन क्रमांक कागदावर उतरवला, इंटरनेट तोडलं, कारण घरात लाइन एकच, आणि फोन लावला.

पलीकडे सनई वाजत होती. “हॅलो, कोन बोलायलंय?” एक भरदार आवाज म्हणाला. हे सीताराम, नवरीचे मामा. गावातला फोन त्यांच्याच किराणा दुकानात होता आणि मांडव दुकानासमोरच पडला होता.

“मी पुण्याहून सुशीला दामले. उत्तरेश्वरशी बोलायचंय. निकडीचं आहे.”

“नवरदेवाला हळद लावायलेत, बाई.”

“लावू द्या. कानाला लावलेली नसेल तर फोन द्या.”

उत्तरेश्वर आला. सगळं ऐकून पार ओशाळला. “बाई, चुकलं माझं. पण इथून काही करता येणार नाही. इंटरनेट थेट लातुरात.”

“माझ्याकडे आहे. तुमचा पासवर्ड सांगा, मी बंद करते.”

पलीकडे नुसतीच सनई ऐकू आली.

“उत्तरेश्वर?”

त्याने हळू आवाजात काहीतरी सांगितलं.

“ऐकू येत नाही. मोठ्याने, एकेक अक्षर.”

“डी,” उत्तरेश्वर ओरडला. “ई. ई. पी. एम. ए. एल. ए.”

बाईंनी लिहिलं आणि वाचलं. दीपमाला.

“पुढे एक आणि सात. सतरा.”

“सतरा कशाचे?” हे बाईंनी नाही, सीतारामांनी विचारलं. फोनमधून स्वच्छ ऐकू आलं.

“सतरा तारखेला बघायला आलतो, मामा.”

मग मांडवात अशी काही हास्याची लाट उठली, की बाईंनी फोन कानापासून लांब धरला. “अगं दीपे,” कुणी बाई हाका मारत होती, “बाहेर ये, तुझं नाव कुलपाला लावलंय बघ.”

बाईंनी फोन ठेवला तेव्हा त्यांच्याही गालांना हसण्याने रग लागली होती. त्यांनी पुन्हा इंटरनेट जोडलं, ते अक्षर न् अक्षर टाइप केलं, आणि रजेचं उत्तर बंद केलं. त्याचं दुसरं एकही पत्र न वाचता त्या मेलबॉक्समधून बाहेर पडल्या. तोवर आकडा तीनशे चारवर गेला होता.

आता रागाची पत्रं येणार म्हणून त्या खुर्चीत सरसावून बसल्या. आली ती अभिनंदनाची. सिंगापूरहून, नाशिकहून, न्यू जर्सीहून; कुणी उखाणा पाठवला, कुणी मंगलाष्टक रोमन लिपीत. तिसरा नियम पार धुळीला मिळाला. बाईंनी कुणालाच बोल लावला नाही. संध्याकाळी एवढंच लिहिलं : ‘नियम आठवा. रजेवर जाताना आपोआप जाणारं उत्तर या पत्त्यावर येणार नाही याची खात्री करावी. लग्न करायला हरकत नाही.’

पंधरा दिवसांनी उत्तरेश्वर सकाळी आठच्या आधीच पेढे घेऊन घरी आला. बरोबर दीपमाला. तो माफी मागू लागला, तशी बाई म्हणाल्या, “ती तीनशे चार वेळा पोचली. बसा.”

तो पाणी आणायला आत गेला, तेव्हा दीपमाला हळूच म्हणाली, “बाई, साखरपुड्यानंतर यांचा दोनदा फोन आलता. दोन्ही वेळा एसटीच्या टायमाचंच बोलले. मला वाटायचं, आईनं भरीला घातलं म्हणून तयार झालेत. हळदीच्या दिवशी सकाळी मी रडत बसले होते.” ती हसली. “मग मामा ओरडत आत आले.”

बाईंनी तिच्या हातावर हात ठेवला. मग उठून त्यांनी भाताचं आधण वाढवलं. रविवार होता, कोडं अजून जायचं होतं, पण त्या दिवशी ते सव्वादोन तास उशिरा गेलं आणि त्यातले चार शब्द दीपमालाने सुचवलेले, अस्सल लातूरकडचे होते. पुण्यातल्या एकालाही ते सुटले नाहीत.