काचेवरचा कण

फडक्यावर आता काहीच दिसत नव्हतं. चष्मा पुसायचं ते मऊ फडकं तिने उजेडात धरून उलटसुलट पाहिलं... कण तो केवढा, राईएवढाही नाही. पण आत कॉम्प्युटरसमोर नवरा कधीचा पडद्याकडे टक लावून बसला होता, आणि चोराच्या मनात चांदणं पडायला तेवढं पुरे होतं.

सकाळी तो अंघोळीला गेला, तेव्हा दुर्बीण कॅमेऱ्यासकट गच्चीच्या दारात उभी होती. दिवसभर चष्म्याच्या दुकानात लोकांच्या काचा पुसणारी बाई ती. कॅमेरा काढून पाहिला, आतल्या काचेवर धूळ दिसली, मग हात कसला थांबतोय! पुसलं, कॅमेरा होता तसा बसवला, स्वतःची पाठही थोपटली. मग तो आला, दुर्बिणीच्या तोंडावर पांढरं कापड ताणलं आणि त्या कापडाचेच फोटो काढायला लागला. तिला हसूच आलं.

"अगं, रात्रीच्या फोटोत धुळीच्या सावल्या पडतात. तीच धूळ या फोटोत पकडायची आणि त्यातून वजा करायची. म्हणून तर रात्रीपासून मी कशाला हात लावला नाही."

हात लावला नाही... तेव्हाच सांगायला हवं होतं. पण ती फडकं मुठीत दडवून आत वळली.

किती हिवाळे गेले असे — दिवसभर लिफ्ट दुरुस्त करून दमलेला हा माणूस गच्चीवर कुडकुडत बसायचा, नुसत्या डोळ्यांना कधीच न दिसणाऱ्या एका तेजोमेघासाठी. "वहिनी, दादाने सवत आणली, तीही आभाळातली!" नणंद म्हणायची, सगळे हसायचे, तीही हसायची, आणि आत कुठेतरी टोचायचंच. मी एवढी समोर वावरते, म्हणून दिसत नाही का याला?... सकाळी फडकं उचललं ते नुसत्या सवयीनेच ना?

ती आत गेली. पडद्यावर काळ्याभोर अंधारात एक फिकट लालसर पदर पसरला होता, कडेला विरत विरत गेलेला — आणि त्यावर करड्या रंगाची वर्तुळं, टेबलावर ओला पेला ठेवल्यावर उमटतात तशी.

"अहो... ती काच मी पुसली. सकाळी."

"कळलं मला. कापडाच्या फोटोत एकही डाग नाही, मग वजा काय करणार? इतकी लख्ख काच मला जन्मात पुसता यायची नाही."

"मग ही वर्तुळं रंगवून झाकता येत नाहीत?"

"येतात की. पण त्यांच्याखाली काय आहे, ते मला कुठे माहीत? मनाने भरलं तर ते माझं झालं, त्याचं नाही." तो तिच्याकडे वळला. "आता चांदण्या रात्री येतील, त्या सरेपर्यंत तेजोमेघ संध्याकाळीच मावळायला लागेल. पुढच्या हिवाळ्यात येईल परत. जातोय कुठे?"

लिफ्टमध्ये अडकलेल्या माणसांशी तो दाराबाहेरून बोलतो, त्याच आवाजात बोलला. तिचे डोळे भरून आले. एवढ्या लांबून आलेला उजेड वेचायचा, आणि पदरचं कणभरही त्यात घालायचं नाही... असा माणूस आपल्याच घरात राहतो, आणि आपण त्याला गच्चीचं दार नीट लावत नाही म्हणून बोलत आलो!

थंडी सरली की त्याचं जाड जाकीट धुऊन कपाटात पार तळाशी कोंबायचं, हा तिचा दरवर्षीचा आनंद. आज तिने ते खुंटीवरून काढलं, क्षणभर हातात धरलं आणि परत तिथेच अडकवलं. उन्हाळा अजून सुरूही झाला नव्हता, आणि तिला थंडीची घाई झाली होती.