वाटेवरची सॅक

सॅक वाटेच्या मधोमध पडलेली. हिरवी, डाव्या पट्ट्याला लाल लोकरीचा गोंडा. गोंडा मीच करून बांधलेला, म्हणून सॅक नॉरिसची हे धुक्यातही कळलं.

मी थांबले. आमच्या रविवारच्या चालणाऱ्या मंडळींचा तसा नेमच आहे. पुढे थेल्मा, वाट दाखवणारी. सगळ्यांत मागे मी, नारिंगी जाकीट घालून. कुणाला आडोशाला जायचं झालं की सॅक वाटेवर ठेवायची. मागच्यानं तिच्यापाशी उभं राहायचं. हाक मारायची नाही, बघायचं नाही.

एका अंगाला काटेरी तार आणि तारेपलीकडे दांडगे गोऱ्हे. दुसऱ्या अंगाला गवत, गवतापुढे समुद्र. नॉरिस गोऱ्ह्यांना भितो. म्हणजे गेला तो समुद्राकडे.

ऑक्टोबरातलं धुकं आमच्या होल्डरनेसच्या किनाऱ्यावर चालत येत नाही, घोंगडी टाकावी तसं अंगावर पडतं. माझी आई कोळ्याची बायको, म्हणायची,

'धुकं आलं दर्यावरून,
माणसं मोजा दारावरून.'

पाच मिनिटं झाली. सत्तरीतल्या माणसाला वेळ लागायचाच. पुढच्यांच्या काठ्यांची टकटक विरली. सात. दहा. खाली लाट आपटली तशी तळपायाला माती शहारल्यासारखी वाटली. हा किनारा दरसाल चार पावलं समुद्राला देतो. यंदाची देऊन झाली होती, की द्यायची होती?

हाक मारायला तोंड उघडलं, लाजेनं मिटलं. गोंडा हातात घेतला. भिजून गार, मेल्या चिमणीसारखा. तेव्हा मी नेम मोडला.

"नॉरिस!"

गवतापलीकडून, पार खालून आवाज आला.

"डोरीन? तूच ना? दुसरं कुणी नाही ना?"

"एकटीच आहे. कुठे आहेस तू?"

"पुढे येऊ नकोस बाई! काठ गेला माझ्याबरोबर. पायरीएवढ्या मातीवर उभाय."

"मग ओरडला का नाहीस, मेल्या?"

"कसा ओरडू? पँट घोट्यापाशी आहे. वर घ्यायची तर गवत सोडावं लागेल."

मला हसू आलं, आणि हसता हसता दात वाजायला लागले. शिट्टी काढली. संकटाची खूण म्हणून सहा वेळा फुंकली, थांबले, पुन्हा सहा. उत्तराच्या तीन आल्या, पण कुठून ते धुकं सांगेना.

"बोलत राहा," मी म्हटलं. "डब्यात काय आणलंयस?"

"चीज आणि लोणचं."

"परत तेच?"

"तुला आवडतं म्हणून—"

ढेकूळ सुटलं. गडगडत गेलं, आणि पडल्याचा आवाज फार उशिरा आला.

"नॉरिस?"

"आहे. एकाच पायाला जागा उरलीय, डोरीन."

थेल्मा नऊ जणांना घेऊन धावत आली. सगळ्यांत हलकी मी. गवतावर पालथी पडून सरकले. थेल्मानं माझे घोटे धरले, तिचे आणखी कुणी. खाली पुरुषभर अंतरावर त्याचं टक्कल दिसलं, आणि टकलाखाली नुसतं पांढरं धुकं. पट्टे सैल सोडून सॅक खाली लोंबवली.

"एक हात सोड."

"नाही सुटत."

"सोड म्हणते ना! मी धरलंय."

सुटला, पट्ट्यावर आला. वजन आलं तसे खांदे निखळतील वाटलं. पोटाखालची माती हळूच खचली.

"ओढा!"

नॉरिस वर आला तेव्हा सगळी मंडळी गोऱ्ह्यांकडे तोंडं करून उभी होती.

"छान जनावरं आहेत," कुणीतरी म्हणालं.

त्यांच्या पाठीमागे पँटच्या पट्ट्याची बक्कल लावायला तो केव्हाचा धडपडत होता. शेवटी मीच लावून दिली.

पन्नास पावलं गेलो असू. मागे काठाकडून पिठाचं पोतं टाकल्यासारखा आवाज झाला. कुणी वळून पाहिलं नाही. थेल्मानं थांबून मोजलं.

"बारा. झालं?"

"पुन्हा मोज," मी म्हटलं.

नॉरिस सॅक मागत होता. मी दिली नाही.