नवी नळी

धाकटा दीर पेट्रोलची नवी नळी घेऊन आला तेव्हाच तो होडी काढणार हे तिला कळलं. नवरा जाऊन महिनाही झाला नव्हता, आणि त्याचं ते म्हातारं इंजिन पुन्हा होडीच्या मागे चढून बसलं होतं. तिचं चाललं असतं तर तिने ते कधीच भंगारात घातलं असतं.

पण भाऊजी हट्टाला पेटले होते. असल्या खटाऱ्यावर जीव टांगणाऱ्याचं दुसरं काय होणार, असं लोक तोंडावर बोलत होते. खाडीच्या तोंडाशी इंजिन बंद पडलं, होडी खडकांवर गेली, संपलं. दादाचं नाव असं खराब झालेलं भाऊजींना सहन होत नव्हतं. त्याच इंजिनावर खाडीच्या तोंडापर्यंत जाऊन येतो, मग बघू कोण काय बोलतं, असं ते सकाळपासून घोकत होते. तिने परोपरीने सांगून पाहिलं. शेवटी निदान काम तरी नीट होऊ दे, म्हणून ती मदतीला धक्क्यावर आली.

इंजिनाकडचा नळीचा तुकडा तेवढा फाटला होता. तो काढून नवा बसवायचा. नळीचं टोक तिने गरम पाण्यात बुडवून मऊ केलं, भाऊजींनी जोर लावून ते तोटीवर चढवलं आणि क्लिप आवळली. आता नळीवरचा रबरी फुगा दाबून पेट्रोल वर चढवायचं. तिने फुगा दाबला. तो दबला तो चपटाच राहिला.

तिने टाकी हलवून पाहिली. अर्धीअधिक भरलेली होती. टाकीचे दोन्ही गाल खोल आत गेले होते. खडकावर आपटून पोचे आले, असंच सगळ्यांनी धरलं होतं. पण दोन्ही बाजूंना सारखेच पोचे, आणि ओरखडा म्हणून एकही नाही, हे तिला आजच दिसलं.

झाकणावर हवेचा छोटा स्क्रू असतो. टाकीलाही श्वास लागतो, असं म्हणत नवरा होडीत बसल्या बसल्या तो सैल करायचा. तिने हात लावला, तर स्क्रू गच्च आवळलेला. तिने तो फिरवला. टाकीने फुस्स करून लांबलचक श्वास ओढला आणि दोन्ही गाल धप्पदिशी बाहेर आले.

"बरं झालं, मी उगाच नवी टाकी शोधत होतो," भाऊजी म्हणाले आणि त्यांनी सवयीने स्क्रू पुन्हा आवळून टाकला.

हा स्क्रू तुम्ही नेहमी बंद करता का, असं तिने विचारलं.

"टेम्पोत वास भरतो ना. टाकी भरून मीच आणायचो. दादा आपला हसायचा आणि पुन्हा खटपट करत बसायचा." त्यांनी टाकी उचलली. "त्या दिवशी मात्र म्हटलं, आज तू कशालाच हात लावू नकोस, सगळं मी जोडलंय, तू फक्त दोरी ओढ. पहिल्यांदाच ऐकलं त्याने माझं."

तिला क्षणभर त्यांचा गळा धरावासा वाटला. पण याच माणसाने दादाला खांद्यावर घेऊन खडकांतून वर आणलं होतं. याच्याच आधारावर घर उभं होतं. गुपचूप स्क्रू सैल करावा आणि तोंड शिवून बसावं, असंही तिच्या मनात आलं. आजचा दिवस निभावला असता. पुढच्या खेपेला यांनी तो पुन्हा आवळला असता, आणि तेव्हा ती जवळ नसती.

भाऊजींनी टाकी होडीत ठेवली.

"भाऊजी, तो स्क्रू उघडा ठेवायचा असतो."

"का?" त्यांनी सहज विचारलं आणि चढायला पाय उचलला.

"टाकीत हवा शिरली नाही तर पेट्रोल येत नाही. इथे किनाऱ्यावर सगळं झकास चालतं. पुढे गेल्यावर बंद पडतं."

उचललेला पाय त्यांनी खाली ठेवला.

"दादाला माहीत होतं हे?"

"होतं," ती म्हणाली. पुढचं तिला बोलावं लागलं नाही.