कपाटाला कारणे दाखवा

“आमच्या रुग्णालयात चूक होत नाही,” अशी संचालकांनी भर सभेत ग्वाही दिली आणि टाळ्या घेत बाहेर पडताना ते झाडूच्या खोलीत शिरले. याची नोंद अर्थातच झाली नाही. नोंदीसाठी फॉर्म भरावा लागे, फॉर्मात ‘दोषी’ असा रकाना होता आणि ज्याचं नाव त्यात पडे त्याला दुसऱ्या दिवशी ‘कारणे दाखवा’ नोटीस मिळे. त्यामुळे सगळे मिठाची गुळणी धरून होते.

एकदा पुरुष वॉर्डच्या थोरल्या सिस्टरनं औषध विरघळवायला पाण्याची बाटली उचलली. ती निघाली शेजारची, हृदय बंद पाडू शकेल अशा क्षाराची. दोन्ही बाटल्या जुळ्या बहिणींसारख्या, कपाटाच्या एकाच फळीवर. खाटेवर निवृत्त मास्तर होते. त्यांनी सवयीनं लेबल मोठ्यानं वाचलं, म्हणून निभावलं.

मेट्रनबाईंनी समजूत घातली की कोणी गेलं नाही ना, मग हात दाखवून अवलक्षण कशाला? पण पुढचा रुग्ण मास्तर असेलच असं नाही, हे सिस्टरच्या डोक्यातून जाईना. तिनं फॉर्म भरला. ‘दोषी’पुढे लिहिलं : कपाट.

हेडक्लार्क नियमाचे पक्के. त्यांनी कपाटावर नोटीस चिकटवली. सात दिवसांत कपाटानं खुलासा दिला नाही, सबब ते निलंबित होऊन सील झालं. बाटल्या दोन वेगळ्या खोल्यांत गेल्या.

मग काय, सगळ्यांना वाट सापडली. घसरती खाट, ओली फरशी, मिणमिणता दिवा, सगळे दोषी. महिन्यात चव्वेचाळीस फॉर्म आले. खाटेला ब्रेक लागले, दिवा बदलला, रुग्ण पडायचे थांबले.

संचालक मात्र भडकले. त्यांनी सिस्टरला बोलावलं. सव्वीस वर्षांच्या नोकरीनंतरचं बडतर्फीचं पत्र टेबलावर टाइप होऊन तयार होतं.

“महिन्यापूर्वी इथे एकही चूक नव्हती,” ते म्हणाले.

“होत्या की साहेब. फक्त तुमच्याकडे यायला घाबरत होत्या.”

सहीसाठी पेन आणायला संचालक तरातरा उठले. गालिच्याच्या उसवलेल्या कडेत पाय अडकला आणि कपाळ टेबलाच्या कोपऱ्यावर आपटलं. सिस्टरनं त्यांना उठवून बसवलं, कापूस दाबून धरला. टेंगूळ लिंबाएवढं आलं होतं.

मग दार नीट लागलंय ना, हे पाहून संचालक हळूच म्हणाले,

“सिस्टर, तो फॉर्म एखादा असेल का तुमच्याकडे?”